पडद्यावरचा वर्ग आणि विद्येचे चार पाद

(कोल्हापूर येथे पालक, प्राध्यापक आणि कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाची संहिता)



१८ नोव्हेंबर १९६२ या दिवशी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. तोपर्यंत दक्षिण महाराष्ट्रातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. नव्या विद्यापीठामागचा विचार साधा होता. चंदगड, आजरा, राधानगरी, शाहूवाडी या डोंगरी तालुक्यांतील शेतकऱ्याच्या मुलाला उच्च शिक्षणासाठी दूरच्या शहराचे तोंड पाहावे लागू नये, विद्या त्याच्या जवळ यावी. विद्यापीठाने 'ज्ञानमेवामृतम्' हे ब्रीद स्वीकारले. प्रथम कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांच्या काळापासून 'कमवा आणि शिका' ही परंपरा येथे रुजली. शहराबाहेरच्या ८५३ एकरांच्या माळावर हळूहळू एक विद्यानगर उभे राहिले.

मार्च २०२० मध्ये हे विद्यानगर एका रात्रीत निःशब्द झाले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि विद्या खरोखरच प्रत्येकाच्या दाराशी, किंबहुना प्रत्येकाच्या तळहातावर आली. १९६२ साली ज्याची कल्पनाही करता आली नसती ते घडले. गगनबावड्याच्या एखाद्या वाडीतला विद्यार्थी घराच्या ओसरीवर बसून प्राध्यापकांचे व्याख्यान ऐकू लागला. मग विद्यापीठ स्थापन करणाऱ्यांचे स्वप्न पूर्ण झाले, असे म्हणावे काय? या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी देण्यास आज एकही अनुभवी प्राध्यापक धजत नाही. ते का, याचा शांतपणे विचार व्हावयास हवा.

विषयाची मांडणी करताना दोन टोके टाळली पाहिजेत. यंत्र आले म्हणजे संस्कृती बुडाली, हा सूर जितका उथळ, तितकाच प्रत्येक दुखण्यावर तंत्रज्ञान हाच उतारा, हा सूरही उथळ. ऑनलाइन शिक्षण आता जाणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्याला स्थान दिले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये प्रसृत केलेल्या मिश्र अध्ययनाच्या मसुद्यात तर अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवावा, अशी कल्पना मांडली होती. म्हणून प्रश्न स्वीकार की नकार, असा उरलेला नाही. कोणाला, कशासाठी आणि कोणत्या व्यवस्थेत हे शिक्षण लाभते व कोणाची त्यात हानी होते, हा आजचा प्रश्न आहे.

दोन वर्षांचा घटनाक्रम

प्रथम जे घडले ते नीट आठवले पाहिजे, कारण समाजाची स्मृती अल्प असते. टाळेबंदीनंतर पदवीच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्यात की नाही, यावर मोठा वाद झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २८ ऑगस्ट २०२० रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की परीक्षा न घेता अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना पदवी देता येणार नाही. मुदत मात्र वाढवून मागता येईल. त्यानंतर राज्यातील विद्यापीठांनी घाईघाईने व्यवस्था उभी केली आणि बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षा मोबाइलवर व संगणकावर झाल्या.

फेब्रुवारी २०२१ च्या मध्यास महाविद्यालये अंशतः उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली. २० ऑक्टोबर २०२१ ला ती पुन्हा उघडली, जानेवारी २०२२ मध्ये आणखी एकदा बंद झाली आणि फेब्रुवारीत सुरू झाली. या मधल्या काळात जुलै २०२१ मध्ये पंचगंगेला महापूर आला. पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, गावेच्या गावे अंधारात बुडाली. मोबाइलच्या पडद्यावर उभे राहिलेले महाविद्यालय विजेच्या एका तारेवर लटकलेले आहे, हे त्या आठवड्यात पूरग्रस्त गावांतील विद्यार्थ्यांना कळून चुकले.

साधनांची विषमता तर आधीपासूनच होती. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील सुमारे २४ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. ग्रामीण भागात हे प्रमाण सुमारे १५ टक्के, तर शहरात ४२ टक्के होते. संगणक असलेली ग्रामीण कुटुंबे शंभरात पाचदेखील नव्हती. पुढील काळात स्मार्टफोन झपाट्याने पसरला, हे खरे. परंतु घरात एक फोन आणि शिकणारी भावंडे तीन, ही स्थिती असंख्य घरांची होती. तो फोन प्रथम कोणाच्या हाती जाई, धाकट्या बहिणीच्या की थोरल्या भावाच्या, याचे उत्तर प्रत्येक कुटुंबाने स्वतःशी प्रामाणिकपणे द्यावे.

तरीही साधनांची उणीव हे या प्रश्नाचे केवळ वरवरचे अंग होय. फोन मिळाला, जाळे मिळाले, तरी शिक्षण झाले काय?

विद्येचे चार पाद

या प्रश्नाची उकल करण्यासाठी भारतीय परंपरेतील एक जुना विचार उपयोगी पडतो. विद्या चार पादांनी पूर्ण होते, असे आपल्याकडील शिक्षणविचार सांगतो. तिचा एक चतुर्थांश आचार्यांकडून मिळतो, एक चतुर्थांश विद्यार्थी स्वतःच्या बुद्धीने मिळवतो, एक चतुर्थांश सहाध्यायांच्या संगतीत येतो आणि उरलेला चतुर्थांश काळाच्या ओघात परिपक्व होतो. या विभागणीचे वैशिष्ट्य असे, की तीत आचार्यांना सर्वस्व मानलेले नाही आणि विद्यार्थ्याला एकाकीही सोडलेले नाही. ऑनलाइन शिक्षणाने या चारांपैकी कोणत्या पादाचे काय केले, हे क्रमाने पाहिले म्हणजे चित्र स्पष्ट होते.

पहिला पाद आचार्यांचा. वरकरणी तो पडद्यावर सुरक्षित राहिलेला दिसतो. तेच प्राध्यापक, तोच विषय, तेच शब्द. परंतु वर्गात शिकवणारा शिक्षक केवळ बोलत नसतो. तो सतत वाचत असतो. तिसऱ्या बाकावरच्या मुलाच्या कपाळावरची आठी, खिडकीपाशी बसलेल्या मुलीची थांबलेली लेखणी, मागच्या ओळीतली कुजबुज, हे सारे त्याच्या व्याख्यानाची दिशा बदलत असते. उदाहरण पटले नाही असे दिसताच तो दुसरे देतो. पडद्यावर मात्र कॅमेरे बंद ठेवलेल्या काळ्या चौकोनांची ओळ असते आणि प्रत्येक चौकोनात एक नाव. त्या नावामागे विद्यार्थी आहे की नाही, हेही निश्चित नसते. दोन्ही बाजूंनी चालणारा संवाद अशा रीतीने एकतर्फी प्रक्षेपण होतो.

या हानीचे मोजमापही झाले आहे. अमेरिकेतील वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत २०२० च्या उत्तरार्धात अर्थशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमासाठी विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करण्यात आली. काहींना प्रत्यक्ष वर्ग मिळाला, काहींना ऑनलाइन. अभ्यासक्रम एकच, परीक्षा एकच, आणि तेच शिक्षक दोन्ही प्रकारचे वर्ग घेत होते. ऑनलाइन गटाचे गुण मागे पडले. हा फरक प्रमाण विचलनाच्या सुमारे एक-पंचमांश इतका होता. यातील महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. हुशार विद्यार्थ्यांचे नुकसान अल्प होते; आधीच कच्च्या असलेल्यांचे सर्वाधिक झाले. एकाग्रता साधत नव्हती आणि शिक्षकांशी व सोबत्यांशी जवळीक वाटत नव्हती, असे त्या विद्यार्थ्यांनी स्वतःच नोंदवले. हे विद्यार्थी लष्करी शिस्तीत वाढलेले, उत्तम संगणक असलेले, एकाच आवारात राहणारे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ओसरीवर बसलेल्या विद्यार्थ्याची कल्पना करता येते.

महामारीच्या आधीचे निष्कर्षही वेगळे नाहीत. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या सामुदायिक महाविद्यालयांतील सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांच्या नोंदींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑनलाइन अभ्यासक्रमांत सर्वांचीच कामगिरी थोडी उतरली होती. पण वयाने लहान, गुणांनी मागे असलेले विद्यार्थी आणि विशेषतः मुलगे यांची घसरण अधिक होती. म्हणजे जे साधन दुर्बलांना संधी देईल असे वाटत होते, ते सबल आणि दुर्बल यांच्यातील अंतर वाढवणारे ठरले.

स्वतःच्या बुद्धीचा पाद

दुसरा पाद विद्यार्थ्याच्या स्वतःच्या प्रयत्नाचा. ऑनलाइन शिक्षणाचे समर्थक येथे सर्वाधिक आशावादी असतात. विद्यार्थी हवे तेव्हा, हवे तितक्या वेळा पाठ पाहू शकतो, मग त्याची बुद्धी अधिक स्वतंत्रपणे काम करणार नाही काय? तत्त्वतः करील. व्यवहारात काय घडते, ते जगभरातील मुक्त ऑनलाइन अभ्यासक्रमांनी दाखवून दिले. हार्वर्ड आणि एमआयटी या नामांकित संस्थांच्या अशा अभ्यासक्रमांचा आढावा २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नाव नोंदवणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोकांनी अभ्यास-साहित्य एकदाही उघडले नव्हते, आणि २०१७-१८ मध्ये अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण केवळ ३ टक्क्यांच्या आसपास होते. जगातील उत्तम अध्यापक, उत्तम साहित्य, आणि शंभरातून तीन! उणीव ज्ञानाची नव्हती. उठून अभ्यासाला बसवणाऱ्या व्यवस्थेची होती.

आपल्याकडे श्रवण, मनन आणि निदिध्यासन अशी ज्ञानाची तीन पावले सांगितली आहेत. पडदा श्रवणाची सोय उत्तम करतो. मनन मात्र तो करवून घेत नाही; उलट, पाहून झाले म्हणजे समजले, असा भ्रम निर्माण करतो. या भ्रमावर मानसशास्त्राने नेमके बोट ठेवले आहे. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला; दुसऱ्या गटाने पुस्तक मिटून, आठवेल तेवढे लिहून काढले. आठवड्यानंतर पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवले, तर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. गंमत अशी, की अभ्यास संपताच पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा पुन्हा वाचणारेच पुढे होते. ताजे स्मरण विद्यार्थ्याला फसवते. व्हिडिओ दुसऱ्यांदा पाहणे म्हणजे पुन्हा वाचणेच होय. पुस्तक मिटून स्वतःशी म्हणून पाहणे, फळ्यापाशी उभे राहून सांगणे, दुसऱ्याला समजावणे, हे जुन्या शाळेतील कष्टाचे मार्ग केवळ रूढी नव्हते.

याच साधनात विचलनाचे मार्गही दडलेले आहेत. २०२३ च्या 'असर' पाहणीत १४ ते १८ वर्षे वयाच्या, स्मार्टफोन वापरू शकणाऱ्या ग्रामीण युवकांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांनी मागील आठवड्यात फोनचा उपयोग शिक्षणासाठी केल्याचे सांगितले. मनोरंजनासाठी केल्याचे सांगणारे सुमारे ८० टक्के होते. ही मुले आज महाविद्यालयांत आली आहेत. ज्या फोनवर अभ्यास, त्याच फोनवर खेळ, चित्रपट आणि मित्रांचे निरोप. अशा वेळी विद्यार्थ्याला आळशी म्हणणे सोपे असते. अठरा वर्षांच्या मुलाच्या हाती ग्रंथालय आणि जत्रा एकाच पेटीत घालून द्यायची आणि त्याने केवळ ग्रंथालयच उघडावे अशी अपेक्षा करायची, हे न्यायाचे नाही.

सहाध्यायाचा पाद

तिसरा पाद सहाध्यायाचा. याच ठिकाणी कोल्हापूरचा इतिहास देशाला काही सांगू शकतो.

राजाराम महाविद्यालय १८८० पासून कोल्हापुरात होते. त्याचे दार कागदोपत्री अनेकांना खुले होते. तरी खेड्यांतील मुले त्या दारातून आत येत नव्हती. राजर्षी शाहू छत्रपतींनी यामागचे कारण अचूक ओळखले. दार उघडे असणे पुरेसे नसते. दारापाशी राहण्याची, जेवण्याची आणि सोबत्यांसह अभ्यास करण्याची जागा लागते. म्हणून १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना झाली आणि पुढील दोन दशकांत जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या आणि इतर समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. १९१७ मध्ये महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना महिना एक रुपया दंड ठेवला. शाळेत प्रत्यक्ष हजर असणे ही त्यांच्या लेखी ऐच्छिक बाब नव्हती. विद्यार्थिदशेत कोल्हापूरच्या बोर्डिंगमध्ये राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे रयत शिक्षण संस्था उभारताना वसतिगृहालाच पाया मानले. बापूजी साळुंखे यांच्या श्री स्वामी विवेकानंद शिक्षण संस्थेने १९५४ पासून हाच वारसा ग्रामीण भागात नेला.

वसतिगृहात नेमके काय घडत असे? एकाला गणित येई, दुसऱ्याला इंग्रजी. रात्री कंदिलाभोवती देवाणघेवाण होई. परीक्षेच्या भीतीने खचलेल्याला शेजारचा उठवी. खेड्यातून आलेला बुजरा मुलगा वर्षभरात चारचौघांत बोलू लागे. हे शिक्षण कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेले नव्हते. ऑनलाइन काळात सर्वप्रथम आणि सर्वांत पूर्णपणे हाच पाद नष्ट झाला. २०२० मध्ये प्रथम वर्षाला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी दीड वर्ष आपल्या वर्गमित्रांचे चेहरे नीट पाहिले नाहीत. नित्य भेटीने माणूस घडतो, हे कार्यकर्त्यांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. महाविद्यालयाचे आवार हे असेच नित्य भेटीचे स्थान आहे.

चौथा पाद काळाचा. विद्या पिकण्यास वेळ लागतो. वेळापत्रक ही म्हणूनच केवळ प्रशासकीय सोय नव्हे. सोमवारी ऐकलेले बुधवारी पुन्हा भेटते, शुक्रवारी त्यावर प्रश्न येतो. दोन तासांमधील त्या रिकाम्या अवकाशात मन नकळत काम करत असते. ध्वनिचित्रमुद्रित पाठ हा क्रम मोडतो. सत्राचे सारे पाठ परीक्षेच्या आदल्या रात्री दुप्पट वेगाने पाहता येतात, आणि पुष्कळ जण तसेच पाहतात. वेग दुप्पट होतो, आकलन मात्र त्या वेगाने धावत नाही.

गुण वाढले, गुणवत्ता?

येथे एक आक्षेप येईल. हानी एवढी मोठी असती तर निकाल का घसरले नाहीत? उलट ते वाढले. २०२१ मध्ये महाराष्ट्रात बारावीची लेखी परीक्षा झाली नाही. मूल्यमापन अंतर्गत पद्धतीने झाले आणि निकाल ९९.६३ टक्के लागला. २०२० मध्ये तो ९०.६६ टक्के होता. परीक्षा पुन्हा प्रत्यक्ष होऊ लागल्यावर २०२३ मध्ये ९१.२५ टक्के झाला. त्या एका वर्षात राज्यातील मुले एकाएकी बुद्धिमान झाली नव्हती; मोजण्याची काठी बदलली होती. विद्यापीठांतही दीर्घोत्तरी प्रश्नांची जागा बहुपर्यायी प्रश्नांनी घेतली तेव्हा गुणपत्रिका आणि ज्ञान यांचे नाते असेच सैल झाले.

याची किंमत विद्यार्थ्यांनीच मोजली. २०२२ च्या उन्हाळी परीक्षा प्रत्यक्ष घेण्याचे ठरले तेव्हा राज्यात ठिकठिकाणी विद्यार्थ्यांनी विरोध केला. शिकवले ऑनलाइन, मग परीक्षाही ऑनलाइनच हवी, असे त्यांचे म्हणणे. त्या मागणीला उद्दामपणा म्हणून झिडकारणे योग्य नव्हते. दोन वर्षे सलग तीन तास लेखणी न धरलेल्या, स्वतःच्या तयारीवरचा विश्वास उडालेल्या मुलांची ती भीती होती. परीक्षा प्रत्यक्ष घेण्याचा निर्णय योग्य होता. त्या भीतीची विचारपूस मात्र फार थोड्या ठिकाणी झाली.

२०२२ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वांच्या हाती आली आणि प्रश्न अधिक गहन झाला. घरी बसून लिहिलेला निबंध, पडद्यावर दिलेली चाचणी यांतून विद्यार्थ्याला काय येते, हे आता सांगता येत नाही. समोर बसवून विचारलेला एक साधा तोंडी प्रश्न पुन्हा अनमोल ठरला आहे.

दुसरी बाजू

एवढे सांगितल्यावर ऑनलाइन शिक्षणाचे उपकारही तितक्याच प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजेत. १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. संस्थापक कुलगुरू डॉ. राम ताकवले यांनी दूरशिक्षणाला प्रतिष्ठा दिली. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद गावोगावी पोहोचले. लग्नामुळे शिक्षण सुटलेली गृहिणी, पाळीत काम करणारा इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार, सीमेवर तैनात असलेला जवान यांच्यासाठी पर्याय वर्ग की पडदा असा नसतो. पडदा की काहीच नाही, असा असतो. त्यांच्यासाठी हे शिक्षण वरदानच होय. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'स्वयम्' मंचावर देशातील नामवंत संस्थांचे अभ्यासक्रम कोणालाही विनामूल्य पाहता येतात. ज्या महाविद्यालयात एखाद्या विषयाचा शिक्षकच नाही, तेथे ही मोठी सोय आहे.

अमेरिकेच्या शिक्षण विभागाने २०१० मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. प्रत्यक्ष वर्ग आणि ऑनलाइन साहित्य यांचा मेळ घातलेले शिक्षण केवळ वर्गातील शिक्षणापेक्षा थोडे सरस ठरले. अशा अभ्यासक्रमांत विद्यार्थ्यांना अनेकदा अधिक वेळ आणि अधिक साहित्य मिळत होते, हे कारणही त्याच आढाव्याने नोंदवले. यातून मिळणारा बोध स्पष्ट आहे. पडदा वर्गात भर घालतो तेव्हा लाभ होतो. वर्गाची जागा घेतो तेव्हा, विशेषतः कोवळ्या वयाच्या आणि कच्च्या विद्यार्थ्याच्या बाबतीत, हानी होते. तिशीतली गृहिणी आपले ध्येय ठरवून आलेली असते. अठरा वर्षांच्या मुलाला ध्येय सापडायचे असते, आणि ते बहुधा माणसांतच सापडते.

कोल्हापूर जिल्ह्याच्या आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे सुपुत्र, कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांनी १९७५ मध्ये भारतीय शिक्षणाचे वर्णन समता, गुणवत्ता आणि संख्या यांचा हुलकावणी देणारा त्रिकोण असे केले होते. संख्या वाढवावी तर गुणवत्ता उतरते, गुणवत्ता जपावी तर समता दुरावते. ऑनलाइन शिक्षणाने हा त्रिकोण अखेर साधेल, असे अनेकांना वाटले. आजवरचा अनुभव सांगतो, की त्याने संख्येची बाजू लांबवली. उरलेल्या दोन बाजू माणसांनाच सांभाळाव्या लागणार आहेत.

काय करता येईल?

प्रथम कुटुंब. मुलगा किंवा मुलगी खोलीत फोन घेऊन बसली आहे म्हणजे अभ्यास चालू आहे, या समजुतीतून पालकांनी बाहेर यावे. त्यासाठी पाळत ठेवण्याची गरज नाही. रात्रीच्या जेवणात एवढेच विचारावे, 'आज काय शिकलास, ते आम्हाला सांग.' आई-वडिलांना विषय कळत नसला तरी चालेल. सांगताना मुलाला स्वतःलाच कळते, की आपल्याला काय आले आणि काय आले नाही. आठवून सांगण्याचा तो अभ्यास घरात, बिनखर्चाने होतो. घरात फोन एकच असेल तर मुलीची वेळ आधी ठरवून द्यावी.

दुसरे महाविद्यालय. माहिती सांगण्याचे काम ध्वनिचित्रमुद्रित पाठाकडे सोपवून वर्गाचा वेळ शंका, चर्चा आणि तोंडी प्रश्नांना देता येतो. दर आठवड्याला पाच मिनिटांची, गुण नसलेली चाचणी घेतली तर कच्चे विद्यार्थी परीक्षेच्या कितीतरी आधी ओळखू येतात. हजेरीचे ७५ टक्के भरले की नाही, एवढ्यावर समाधान न मानता सलग आठवडाभर न आलेल्या विद्यार्थ्याच्या घरी शिक्षकाचा फोन जावा. कित्येकदा अनुपस्थितीमागे आळस नसतो; एसटीचा बुडालेला फेरा किंवा ऊसतोडीचा हंगाम असतो.

तिसरे, आणि येथे कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. शाहू महाराजांनी आपल्या काळातील अडथळा ओळखून वसतिगृह उभारले. आजच्या काळातील वसतिगृह म्हणजे गावची अभ्यासिका. ग्रामपंचायतीची, शाळेची किंवा देवळाची एक रिकामी खोली, चार संगणक, भरवशाचे इंटरनेट, वीज गेल्यावर चालेल असा इन्व्हर्टर आणि मुख्य म्हणजे सायंकाळी दोन तास तेथे बसणारा एक जाणता माणूस. निवृत्त शिक्षक प्रत्येक गावात आहेत. महाविद्यालय पूर्ण केलेले तरुणही आहेत. पडद्यावरचे व्याख्यान सात-आठ जणांनी एकत्र पाहावे, मधे थांबवावे, एकाने दुसऱ्याला समजावून सांगावे. असे झाले तर तोच पडदा, तेच व्याख्यान, पण सहाध्यायाचा पाद पुन्हा जोडला जातो. ठरावीक वेळेमुळे काळाचा पादही सावरतो. मुली निर्धास्तपणे येऊ शकतील अशी वेळ आणि जागा निवडणे, ही या कामाची पहिली कसोटी मानावी. अभ्यासिकेचे दार गावातील प्रत्येक जातीच्या आणि प्रत्येक वस्तीच्या मुलाला सारखेच उघडे हवे. महाराजांच्या काळात समाजागणिक वेगळी वसतिगृहे उभारावी लागली. आज एका छपराखाली सर्वांना बसवता आले तर त्यांचेच काम पुढे गेले, असे म्हणता येईल.

या कामाला मोठा निधी लागत नाही, शासनाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. लागते ती वर्षभर, रोज, वेळेवर दार उघडण्याची चिकाटी. महाविद्यालयांचे नवे वर्ष जून-जुलैत सुरू होते. डोंगरी तालुक्यांत त्याच वेळी पाऊस कोसळत असतो, एसटीच्या फेऱ्या रद्द होतात आणि पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेला मुलगा पहिल्याच महिन्यात मागे पडतो. अभ्यासिकेची खोली त्यापूर्वी, उन्हाळ्यातच शोधून ठेवावी. पहिल्या पावसात तेथे चार मुले आली, तरी आरंभ झाला असे समजावे.